विद्यापीठाचें आवार आणि पाण्याचा हिशेब

पुणें विद्यापीठाची स्थापना 1949 सालीं झाली. त्याची मुख्य इमारत म्हणजे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचें पूर्वींचें पावसाळी निवासस्थान. तिच्यापुढील हिरवळहि विलायती रुचीचीच होय. परंतु विलायतेंत पाऊस बारमाही पडतो. पुण्यास तो वर्षाकाठीं सुमारें 28 इंच, आणि बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडतो. तेथें आकाश पोसतें ती हिरवळ येथें मनुष्यास पोसावी लागते.

उन्हाळ्यांत हिरवळीस रोज 5 मिलिमीटर पाणी धरलें, तर गुंठ्यास सुमारें 500 व एकरास 20,000 लिटर लागतें. फेब्रुवारी ते मे या अवधींत तें एकरीं 24 लक्ष लिटर, म्हणजे दोन फूट उभें पाणी होतें. तीन इंचांची एक पाळी धरल्यास या आठ पाळ्या झाल्या. रब्बी ज्वारीचें कणीस दोन-तीन पाळ्यांतहि भरतें, हें वाचकांस सांगणें नको. पुणें शहर आणि हवेली, दौंड व इंदापूर येथील कालव्याखालील शेती हीं एकाच खडकवासला धरणसाखळीवर अवलंबून आहेत. म्हणून हा प्रश्न आपलाहि आहे.

कोणी म्हणेल, उसाच्या मानानें ही हिरवळ ती केवढी? हें खरें आहे. पाटानें मोकाट पाणी देण्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु ठिबक घ्या, आच्छादन करा, असा उपदेश करण्यास येणारे पदवीधर विद्यापीठांतूनच निघतात. त्यांचा पहिला धडा आवारांतच व्हावयास नको काय?

आमचें मत असें कीं, समारंभापुरती हिरवळ राखून बाकी जागेंत पवना, मारवेल अशीं देशी गवतें वाढूं द्यावींत. तीं उन्हाळ्यांत वाळतात व पहिल्या पावसानें फुटतात. बहावा, पळस, कडुनिंब हीं झाडें पहिलीं दोन-तीन वर्षें जगविलीं कीं पुढें फारसें पाणी मागत नाहींत. पालापाचोळा न जाळतां बुंध्याशीं पसरावा, उतारावर समतल चर काढावे, आणि जें द्यावयाचें तें शुद्ध केलेलें सांडपाणी ठिबकनें द्यावें. वैशाखांत आवार पिवळें दिसेल, पण त्यांत कमीपणा नाहीं. आपलीं शिवारेंहि तेव्हां तशींच असतात.

शेवटीं एक सूचना. आवारास दरमहा किती पाणी लागलें, याचा आंकडा प्रत्येक विद्यापीठानें दर्शनी फलकावर लिहावा. आणि तोच हिशेब आपण आपल्या विहिरीवर ठेवावा. दोघांनीं तो ठेवल्यावांचून एकानें दुसऱ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं.