समुद्रतळावरील गुलाबी रान आणि ड्रेजचे दात

स्कॉटलंडच्या पश्चिमेला क्लाइडच्या आखातात, ॲरन बेटालगत समुद्राच्या तळाशी गुलाबी-जांभळ्या खडीसारखे थर पसरलेले आहेत. पाहणाऱ्याला ते प्रवाळ वाटावे; प्रत्यक्षात त्या चुन्याचे कवच धारण करणाऱ्या लाल शेवाळाच्या सुट्या गाठी आहेत. 'मर्ल' हे त्यांचे नाव ब्रेटन भाषेतून आलेले. या गाठी सूर्यप्रकाशावर जगतात आणि वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. काही थरांचे वय त्यामुळे हजारो वर्षांत मोजावे लागते.

एकमेकांत गुंतलेल्या गाठींच्या फटींतून पाणी खेळते राहते. तेथे खेकडे, कृमी आणि कॉड माशांची पिल्ले आश्रय घेतात. क्वीन स्कॅलप या शिंपल्याची पिल्ले तर जिवंत मर्लकडेच ओढली जातात. मासेमारीच्या उद्याच्या कमाईचे हे पाळणाघरच होय. त्यावर सर्वांत मोठा घाव मात्र स्कॅलपच्याच शोधात ओढल्या जाणाऱ्या, लोखंडी दात्यांच्या ड्रेजचा पडतो. क्लाइडमधील प्रयोगांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ड्रेज फिरलेल्या पट्ट्यात जिवंत मर्ल ७० टक्क्यांहून अधिक घटले आणि पुढील चार वर्षांत ते सावरल्याचे चिन्ह दिसले नाही.

क्लाइडमध्ये किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत असलेली ट्रॉलिंगबंदी १९८४च्या कायद्याने उठली. त्यानंतरची ऱ्हासाची कहाणी ॲरनच्या पाणबुड्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९९५ मध्ये हॉवर्ड वुड आणि डॉन मॅकनीश यांनी 'कोस्ट' ही संस्था स्थापन केली. लॅमलॅश उपसागरात संपूर्ण मासेमारीबंदीचे क्षेत्र जाहीर होण्यास २००८ साल उजाडावे लागले आणि तेही तीन चौरस किलोमीटरांहून लहान! दक्षिण ॲरनचे विस्तीर्ण संरक्षित क्षेत्र २०१४ मध्ये घोषित झाले; तेथील ड्रेजिंगवर बंदी आली २०१६ मध्ये. घोषणा आणि अंमलबजावणी यांत दोन वर्षांचे अंतर पडले, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

एका ठिकाणी बंदी घातली की नौका दुसरीकडे वळतात, ही ड्रेजचालकांची तक्रार निराधार नाही. परंतु पिंजरे लावून झिंगे धरणारे आणि तळ खरवडणारे यांना 'मच्छीमार' या एकाच शब्दात बसवले की वादाचा खरा मुद्दा हरवतो.

कायद्याची बाजू पाहता, युरोपीय संघाने १९९२च्या अधिवास निर्देशात मर्लच्या दोन प्रजातींचा समावेश केला खरा. पण तो नियंत्रित उपसा करता येणाऱ्यांच्या यादीत. एकेकाळी फ्रान्समध्ये शेतजमिनीची आम्लता घटवण्यासाठी वर्षाला लाखो टन मर्ल उपसले जात असे. भूमध्य समुद्रात मर्लवरील ट्रॉलिंगला २००६ मध्ये मनाई झाली.

बंदीच्या रेषा ड्रेजला अडवतात, समुद्राच्या वाढत्या आम्लतेला नाही. मर्लच्या कवचातील चुन्यात मॅग्नेशियमचे प्रमाण जास्त असते आणि असा चुना आम्लतेत तुलनेने लवकर विरघळतो.