ऐटीचा खर्च कोणत्या खात्यात?

2019 च्या मार्च-एप्रिलमध्ये हिरेव्यापारी नीरव मोदीच्या चीजवस्तूंचे लिलाव झाले. चित्रांचे सुमारे 55 कोटी आले. त्यात वासुदेव गायतोंडे यांच्या एका तैलचित्रालाच 25 कोटींच्या वर बोली लागली. किहीमचा बंगला किनाऱ्याचे नियम मोडून बांधलेला, तो सरकारने त्याच मार्चमध्ये सुरुंग लावून पाडला. गाड्यांचे मात्र हसू झाले. रोल्स रॉइस घोस्टला सव्वा कोटीच्या थोडी वर बोली लागली आणि लिलावातल्या सगळ्या गाड्या मिळून सव्वातीन कोटींच्या आसपास. पंजाब नॅशनल बँकेतला त्याचा घोटाळा, मामा मेहुल चोक्सीच्या कंपन्या धरून, 13,000 कोटींहून मोठा. म्हणजे गाड्या आणि चित्रे मिळून शंभर रुपयांमागे आठ आणेही भरत नाहीत. घरे आणि जडजवाहीर मोजले की बेरीज वाढते, हे कबूल. पण ज्या वस्तूंनी सगळ्यांचे डोळे दिपले होते त्यांची किंमत एवढीच. ‘लुटले आणि मौजेत उडवले’ हे आपले ठरलेले वाक्य या आकड्यांशी जुळत नाही. यंदाच्या दिवाळी अंकासाठी श्रीमंती, वेगवान गाड्या आणि गुन्हे यांच्या खऱ्या कहाण्या निवडताना आमचे मत पक्के होत गेले ते असे: या माणसांची ऐट लुटीच्या आधीची गुंतवणूक होती. वहीत तिची नोंद घरखर्चात करणे चूक आहे. ती धंद्याच्या खर्चात जाते.

‘बिग बुल’ म्हणवला जाणारा शेअरदलाल हर्षद मेहता याचे प्रकरण याच नजरेने पुन्हा पाहावे. 1992 साली मुंबईच्या रस्त्यांवर मारुती आणि प्रीमियर पद्मिनीची गर्दी असताना त्याच्याकडे लेक्सस होती. वरळीच्या मधुली इमारतीत समुद्राकडे तोंड केलेले घर, त्यात पोहण्याचा तलाव आणि गोल्फची छोटी हिरवळ. त्याने भरलेला 26 कोटींचा आगाऊ कर हाही चर्चेचा विषय झाला, म्हणजे कर भरणेसुद्धा त्याच्या बाबतीत मिरवणुकीतच जमा झाले. आता पैसा कुठून आला ते पाहा. एका बँकेने दुसरीला सरकारी रोखे विकायचे आणि काही दिवसांनी ठरल्या भावाने परत घ्यायचे, असा ‘रेडी फॉरवर्ड’ नावाचा व्यवहार तेव्हा रोज चाले. नाव विक्रीचे, काम तात्पुरत्या कर्जाचे. रोखे सहसा जागचे हलत नसत. त्यांच्याऐवजी ‘बँक रिसीट’ नावाची पावती फिरे आणि मध्ये दलाल असे. चेक बँकेच्या नावाचा, रक्कम मात्र दलालाच्या खात्यात जमा. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या छोट्या बँकांनी तर मागे रोखेच नसलेल्या पावत्या काढल्या. कराडची बँक त्यात बुडाली. तो पैसा शेअर बाजारात उतरला, एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव दोनशेच्या घरातून नऊ हजारांच्या जवळ गेला, आणि त्या भावामुळे ‘बिग बुल’चे नाव आणखी मोठे झाले. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने पुढे 4,000 कोटींहून अधिक रकमेचा घोळ दाखवला. प्रश्न असा, की बँकेच्या नावाचा चेक दलालाच्या खात्यात भरताना कोणाचा हात का थांबला नाही? लाचेने काही हात सैल झाले असतील. पण इतक्या बँकांत, इतके महिने हे चालते ते केवळ पाकिटांनी नव्हे. ज्याच्या दारात लेक्सस उभी आहे त्याला पावती काय मागायची, हा संकोच त्यामागे होता. पुढे 1999 मध्ये विशेष न्यायालयाने हर्षदला पाच वर्षांची शिक्षा दिली ती 38 कोटींच्या प्रकरणात, आणि तो पैसा होता मारुती उद्योगचा! लेक्ससवाल्याला मारुतीने गाठावे, हे कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने खोडले असते.

पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टातल्या ब्रेडी हाउस शाखेत पंचवीस वर्षांनी पावतीचे नाव बदलले, संकोच तोच राहिला. भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना ‘या व्यापाऱ्याची हमी आम्ही घेतो’ असे सांगणारे लेटर ऑफ अंडरटेकिंग बँकांच्या संदेशांच्या स्विफ्ट यंत्रणेतून जाई आणि बँकेच्या स्वतःच्या संगणकीय खात्यांत त्याची नोंदच होत नसे. हे वर्षानुवर्षे चालले. जानेवारी 2018 मध्ये नीरव मोदीच्या कंपन्यांची माणसे नेहमीप्रमाणे हमी मागायला आली, तर जुना अधिकारी निवृत्त झालेला. टेबलावरच्या नव्या माणसाने नियमाप्रमाणे शंभर टक्के रोख मार्जिन मागितले. यापूर्वी कधी लागले नव्हते, असे उत्तर आले. त्याने दप्तर तपासले, तर त्या ‘यापूर्वी’चा मागमूस नव्हता. सगळा डोलारा एका रुक्ष प्रश्नाने कोसळला. आपल्याकडे पीककर्जाला गेलेल्या शेतकऱ्याला सातबारा, आठ-अ असे कागद आणावे लागतात, आणि एक कागद कमी पडला की उद्या या. तो प्रश्न त्याला पहिल्या दिवशी विचारला जातो. इथे विचारायला सात वर्षे लागली.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की हा पैसेवाल्यांवरचा राग आहे. प्रामाणिक उद्योजकही उंची गाडी घेतो. जरूर घ्यावी. आमची तक्रार गाडीबद्दल नाही, ती पाहून तारण मागायचे विसरणाऱ्या टेबलाबद्दल आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ऐट हे अवजार असेल, तर ती डोळ्यांवर येऊन गुन्हेगाराचा घात का करते? भुवया उंचावतात, हे खरे. पण 23 एप्रिल 1992 च्या टाइम्स ऑफ इंडियातली पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी स्टेट बँकेच्या जुळत नसलेल्या हिशेबाची होती, आणि ब्रेडी हाउसही दप्तरानेच उघडे पाडले. तिसरा आक्षेप तेलगीचा. अब्दुल करीम तेलगीने लेक्ससशिवायच बनावट मुद्रांकांचा बाजार मांडला, मग आमचे म्हणणे कुठे राहिले? तेलगीपुरते आम्हाला ते थोडे दुरुस्त करावे लागेल. ऐटीची गरज त्याला पडली नाही, कारण त्याच्या मालावर अशोकस्तंभ होता. विश्वास उसना आणायचे काम त्या छापानेच केले. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसने मोडीत काढलेली यंत्रे त्याने मिळवली होती, एवढे त्याला पुरले.

मग दिवाळीच्या मुहूर्तावर अशा माणसांना पाने देऊन आम्हीही त्यांचीच जाहिरात करतो का? हा धोका खरा आहे. 2020 साली ‘स्कॅम 1992’ ही मालिका आली, तेव्हा त्यातल्या हर्षदचे संवाद आणि ते संगीत घराघरांत पोचले. हिशेब जुळवत बसलेली बातमीदार तितकी लक्षात राहिली नाही. त्या घोटाळ्यानंतर आलेला नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, 1996 चा डिपॉझिटरी कायदा, आज लाखो मराठी घरांत असलेले डीमॅट खाते, यांच्यावर कोणी मालिका काढत नाही. म्हणून यंदाच्या लेखकांना आमची एकच अट होती: गाडीचे वर्णन मनसोक्त करा, पण जो कागद सही करून दिला त्याचेही तितक्याच बारकाईने करा. काही लेख त्यामुळे लांबले, एक-दोन रुक्षही झाले आहेत. ते आम्ही कापलेले नाहीत.