छंद आपला, शिक्षा पाहुण्यांना

बँकेत असताना ३६ फोटोंचा रोल मी महिनाभर पुरवीत असे. आता मोबाइलमध्ये हजारो फोटो. पाहुणे आले की हात आपसूक खिशाकडे जातो. चौथ्या सूर्यास्ताला पाहुणे चपला शोधू लागतात.

शिकागोत मुले सांभाळणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी लाखभर फोटो काढले, पण फारसे कुणाला दाखवले नाहीत. २००७ साली लिलावात ते बाहेर आले. एवढा संयम आपल्याला कुठला!

परवा शेजारच्या वहिनी मात्र एका फोटोपाशी थबकल्या. कोपऱ्यात त्यांचे दिवंगत यजमान हसत होते. माझा सूर्यास्त त्यांना दिसलाही नाही. दुसऱ्याच दिवशी प्रत काढून दिली. आता फोटो दाखवण्याआधी मी एवढेच पाहतो : यात समोरच्याचे कुणी आहे का?