माझी बेंबी अशी का?

"डॉक्टरकाका, माझी बेंबी बाहेर आणि दादाची आत का?" पाच वर्षांच्या एका मुलाने शर्ट वर करून विचारलं. मी काही बोलायच्या आत त्याची आई म्हणाली, "जन्माच्या वेळी नाळ नीट कापली नाही ना, म्हणून!" मुलाने मुकाट्याने शर्ट खाली ओढला.

हे कारण मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि ते चूक आहे. नाळ कापतात ती पोटापासून थोड्या अंतरावर. उरलेला तुकडा वाळून साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप गळून पडतो. खालची जागा भरताना होणारा व्रण म्हणजे बेंबी. व्रण आत ओढला गेला की खोल, नाहीतर फुगीर. कापणाऱ्याच्या हातावर ते ठरत नाही.

मुलांना "बाप्पाने बटण लावलंय" असंही सांगू नका. बटण उघडेल या भीतीने बेंबीला हात न लावू देणारी मुलं मी पाहिली आहेत! खरं तेच सोपं आहे: "तू आईच्या पोटात तोंडाने जेवत नव्हतास. एका नळीतून तुला अन्न आणि प्राणवायू मिळायचा. जन्मल्यावर तू श्वास घेऊ लागलास, दूध पिऊ लागलास, मग नळी लागेना. ती जिथे जोडलेली होती, तीच ही जागा." पुढचा प्रश्न ठरलेला, "कापताना दुखलं?" नाही. नाळेत वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात.

मात्र बाळ रडताना, खोकताना बेंबी फुगत असेल आणि दाबल्यावर आत जात असेल, तर तो हर्निया असू शकतो. डॉक्टरांना दाखवून घ्या. बहुतेक बाळांमध्ये तो चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो. तोवर त्यावर नाणं बांधू नका, आजी कितीही म्हणाल्या तरी. त्याने फायदा होत नाही, उलट कोवळी त्वचा सोलवटते, जंतुसंसर्ग होतो. पाच वर्षांनंतरही फुगवटा राहिला तर सर्जनना दाखवा. फुगवटा कडक झाला, दुखू लागला, लाल-काळा पडला किंवा बाळाला उलट्या होऊ लागल्या, तर लगेच रुग्णालय गाठा.

त्या मुलाला मी खोकायला लावलं. बेंबी फुगली नाही. नुसतीच वाढीव त्वचा होती.

"पण दादाची आत का?" प्रश्न कायम होता.

"तुझ्या गुडघ्यावरचा पडल्याचा व्रण आणि दादाचा, सारखे आहेत का?"

त्याने पँट वर करून गुडघा नीट पाहिला. "माझा मोठा आहे," तो म्हणाला.