शाखेचा इतिहास कोणी लिहायचा?

वऱ्हाडातील सेवाभावी मंडळे रौप्य वा सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने ज्या स्मरणिका काढतात, त्यांविषयी या सदरात पूर्वीही तक्रार झाली आहे आणि या आठवड्यात तशीच आणखी एक स्मरणिका हाती आल्यामुळे ती पुन्हा करणे भाग आहे. पहिल्या पानांवर शुभेच्छासंदेश, मधल्या पानांवर सत्काराची छायाचित्रे आणि शेवटच्या पानांवर कृषी केंद्रांच्या व पतसंस्थांच्या जाहिराती, अशा मांडणीत ज्या माणसांनी पन्नास वर्षे सतरंजी अंथरली, कंदील लावला आणि गाव झाडले, त्यांना एक ओळही मिळत नाही. ज्या संघटनेचे सारे सामर्थ्य तिच्या गावशाखेत आहे, तिच्या बाबतीत हा अन्याय अधिक खटकतो.

ती संघटना म्हणजे अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळ. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला, १९४२च्या आंदोलनात नागपूर व रायपूर येथे कारावास भोगला आणि त्यानंतर, १९४३ साली सुरू झालेल्या ‘श्रीगुरुदेव’ मासिकाच्या साह्याने, गावोगावच्या शाखांची बांधणी नेटाने पुढे नेली. या शाखांना ‘ग्रामगीता’ हा एक्केचाळीस अध्यायांचा ग्रंथ १९५५ साली मिळाला. मंडळाच्या कार्यकर्त्यास गुरुदेव सेवक म्हणतात आणि ज्याच्यावर कामाची जबाबदारी असते, तो सेवाधिकारी होय.

शाखेचा दिनक्रम बाहेरून पाहणाऱ्यास अगदी साधा वाटतो. पहाटे सामुदायिक ध्यान, त्यानंतर ग्रामसफाई आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा तो क्रम असून प्रार्थनेच्या ठिकाणी मूर्तीऐवजी अधिष्ठान, म्हणजे स्वच्छ वस्त्राने आच्छादलेले आसन, मांडलेले असते. त्यामुळे कोणत्याही जातीच्या वा पंथाच्या माणसास तेथे बसण्यास अडचण राहू नये, अशी त्यामागची दृष्टी आहे. कपाशीच्या वेचणीवरून दमून आलेला मजूर आणि ज्याच्या शेतात ती वेचणी झाली तो मालक एकाच सतरंजीवर एकाच रांगेत बसतात, ही गोष्ट ज्या काळात सुरू झाली त्या काळात ती लहान नव्हती. शिवाय खंजिरीच्या ठेक्यावर म्हटलेल्या भजनातून व्यसनमुक्ती, हुंडाबंदी आणि अस्पृश्यतानिवारण हे विषय ज्या सहजतेने घरात शिरले, तितक्या सहजतेने ते व्याख्यानातून शिरले नसते.

येथे ग्रामसफाईविषयी, विशेषतः गावाचे शहर होऊ लागल्यावर तिचे काय होते याविषयी, थोडे सांगणे आवश्यक आहे. हिवरखेड नावाची दोन गावे या भागात सर्वपरिचित आहेत, एक अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आणि दुसरे अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्यांपैकी दुसऱ्याचा कारभार आता ग्रामपंचायतीकडून नगर परिषदेकडे गेला आहे. गाव वाढले की घंटागाडी, सफाई कामगार आणि कंत्राट ही व्यवस्था येणारच आणि ती यावीही. परंतु अशा वेळी ‘आता झाडूची गरज काय?’ असा जो प्रश्न हमखास विचारला जातो, तो ग्रामसफाईचा अर्थ न कळल्याचे लक्षण आहे. गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला आणि तुकडोजी महाराजांनी ग्रामशुद्धीवर स्वतंत्र अध्याय लिहिला, तो केवळ कचरा उचलण्यासाठी नव्हे. जे काम परंपरेने एका जातीच्या माथी मारले गेले होते, ते पाटलाने, मास्तराने आणि दुकानदाराने स्वतःच्या हाताने सर्वांसमक्ष करावे, हा त्यातील गाभा होता आणि तो कोणत्याही कंत्राटातून पुरवला जाऊ शकत नाही. नगर परिषद रस्ता स्वच्छ करील. त्या रस्त्यावर खाली वाकण्याची लाज मात्र माणसाला स्वतःच घालवावी लागते. म्हणून नगर परिषद झालेल्या गावात शाखेचे काम कमी होते असे मानणे चूक आहे. उलट नव्या वस्त्यांमध्ये, जेथे शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते, तेथे ते नव्याने सुरू व्हावयास हवे.

हे सारे काम कागदावर फारसे उमटत नाही, हीच इतिहासाची अडचण आहे. याउलट अमेरिकेतील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात १७७६ साली काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ नावाचे बंधुमंडळ स्थापन केले आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीतही बैठकींचे इतिवृत्त लिहून ठेवले, म्हणून त्या तरुणांची चर्चा कशावर चाले, हे आज अडीचशे वर्षांनंतरही सांगता येते. वऱ्हाडातील शाखांनी त्याहून कितीतरी कठीण काम केले, परंतु त्यांच्या इतिवृत्ताच्या वह्या, भजनांची हस्तलिखिते आणि वर्गणीचे हिशेब घरांच्या माळ्यांवर वाळवीच्या हवाली झाले. ज्यांनी महाराजांना प्रत्यक्ष पाहिले ते सेवक आता वयाच्या अशा टप्प्यावर आहेत की, त्यांच्या आठवणी टिपण्याचे काम पुढे ढकलणे म्हणजे ते सोडून देणे होय.

महाराजांचे महानिर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले आणि त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवासाठी गुरुकुंजात गावोगावच्या दिंड्या दरवर्षी जमतात. प्रत्येक शाखेने यंदाच्या महोत्सवाला निघण्यापूर्वी गावातील सर्वांत वृद्ध गुरुदेव सेवकाच्या घरी जावे, शाखा कोणी सुरू केली, पहिली प्रार्थना कोणाच्या अंगणात झाली, कोणी विरोध केला आणि तो कसा मावळला, हे त्याच्या शब्दांत एका वहीत लिहून घ्यावे व ती वही प्रार्थनास्थळी ठेवावी. पुढील स्मरणिकेत शुभेच्छासंदेशांच्या आधी या वहीतील पाने छापावीत.