रंग गेला, पण मीठ कुठं गेलं?

रंगीत सांडपाण्यात पांढरी पावडर टाकायची, उन्हात ठेवायचं आणि पाणी नितळ करायचं, या तंत्राबद्दल विचारणा होतेय. "हे पाणी उसाला चालेल का?" माझं मत सरळ आहे. तंत्र खरं आहे, पण नुसता रंग बघून पाणी शेतात घेऊ नका.

ही पावडर बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असते, पांढऱ्या पेंटमध्ये असते तीच. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी प्रकाशाच्या जोरावर याच पदार्थानं पाण्याचं विघटन करून दाखवलं, तिथून या संशोधनाला जोर आला. अतिनील किरण पडले की पावडरीवर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि समोर येईल तो सेंद्रिय रेणू तोडतात. जिवाणूंच्या टाकीला न पचणारे डाय आणि अँटिबायोटिकसुद्धा.

अँटिबायोटिकचा धोका लांबचा नाही. हैदराबादजवळच्या पटांचेरूला औषध कंपन्यांचं पाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे 'प्रक्रिया केलेलं' या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात.

आता मर्यादा बघा. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के. गडद, गढूळ पाण्यात तो खोल जातच नाही. म्हणून हे तंत्र शेवटच्या टप्प्यावर, आधीच बऱ्यापैकी साफ झालेल्या पाण्याला शोभतं. दुसरं, डायच्या रेणूतला एक बंध तुटला तरी रंग जातो, पण तुकडे पाण्यातच राहतात. ते पूर्ण मोडायला जास्त वेळ लागतो.

तिसरी गोष्ट आपल्या मुळावर येणारी. सुती कापडाला रिॲक्टिव्ह डाय नीट बसावा म्हणून मीठ किंवा सोडियम सल्फेट भरपूर वापरतात. उत्प्रेरक मिठाला हातही लावत नाही. सोडियम वाढला की काळी जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. इचलकरंजीच्या खालच्या अंगाला शिरोळ भागात आधीच क्षारपडीनं किती जमीन गेलीय ते आपण बघतोच.

म्हणून कुणी 'शुद्ध' पाणी देऊ केलं तर रिपोर्ट मागा. त्यात ईसी, एसएआर, बोरॉन, सीओडी आणि टीओसी हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत सिंचनाच्या पाण्याला ईसी २२५० मायक्रोसिमेन्स, एसएआर २६ आणि बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. भारी काळ्या जमिनीत तर त्याच्या बरंच खाली राहिलेलं बरं. औषध कारखान्याचं पाणी असेल तर अँटिबायोटिकची वेगळी तपासणी मागा.

आणि ही पावडर विहिरीत टाकायच्या भानगडीत पडू नका. तिथं ऊन पोचत नाही आणि बारीक पावडर परत काढता येत नाही. रंग, औषध आणि मीठ काढायचं काम कारखान्याच्या दारात, कारखान्याच्या खर्चानं व्हायला पाहिजे. आपलं शेत म्हणजे त्यांची शेवटची टाकी नव्हे.