गालिबला शिक्षा कोणी दिली?

मिर्झा गालिब म्हटलं की शेर, शराब आणि आंबे आठवतात. कचेरीत आरोपी म्हणून उभे राहिलेले गालिब शाळेच्या पुस्तकात येत नाहीत. मला वाटतं, उर्दू शिकणाऱ्या मुलांना तेही सांगायला हवेत.

१८४७ साली दिल्लीच्या कोतवालाने त्यांना घरी जुगाराचा अड्डा चालवल्याच्या आरोपाखाली पकडलं. आरोप खोटा नव्हता. १८४१ मध्येही याच कारणासाठी त्यांना दंड झाला होता. या वेळी मॅजिस्ट्रेटने सहा महिने सक्तमजुरी आणि २०० रुपये दंड सुनावला. आणखी ५० रुपये भरले तर मजुरी माफ! खुद्द बहादूरशाह जफर यांनी शिफारस केली, पण प्रकरण न्यायालयात आहे, असं उत्तर आलं. बादशहापुढे न वाकणारा कायदा ५० रुपयांपुढे मात्र वाकत होता.

अब्रूलाही तिथे भाव होता. कर्जाच्या दाव्यात हरलेल्या प्रतिष्ठित माणसाला घरात शिरून पकडत नसत, बाहेर दिसला तरच पकडत. पूर्वी एका दाव्यानंतर गालिब याच रिवाजाच्या आधाराने घरात बसून राहिले होते. गरीब कर्जदाराला ही सवलत कुठली!

सरकारी शिक्षा तीन महिन्यांत आटोपली, गालिब सुटले. लोकांनी दिलेल्या शिक्षेला मात्र मुदत नव्हती. मैफलीत वाहवा करणारे दूर झाले, नातेवाइकांनाही नातं सांगायची लाज वाटू लागली. नवाब मुस्तफा खान शेफ्ता तेवढे पाठीशी राहिले. खर्च त्यांनी उचलला, तुरुंगात भेटायला जात राहिले. हे शेफ्ता धार्मिक वृत्तीचे, दारू सोडलेले. त्यांचं म्हणणं नोंदवलं गेलंय. त्याचा आशय असा की, मी त्यांच्यावर जीव लावला तो त्यांच्या परहेजगारीमुळे नव्हे. त्यांच्या सवयी मला आधीही ठाऊक होत्या. मग आज वेगळं काय झालं?

हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यालाही विचारावा लागतो. मालेगावच्या २००६ च्या स्फोटानंतर पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केलं. गालिब तर दोषी होते, हे तरुण तसेही नव्हते. आणि तरी पोलिसांची गाडी दारात आली की आपण काय करतो? निकालाची वाट न बघता सलाम बंद, मुलीचं स्थळ परत, भाड्याची खोली नाही. फिर्यादीही आपण, मुन्सफही आपणच.

गुन्हा झाला असेल तर शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण ती कायद्याने द्यावी आणि तिला शेवट असावा. आरोपीच्या घरी डबा पोचवणं, त्याच्या मुलांची फी भरणं, तारखेला सोबत जाणं म्हणजे गुन्ह्याची पाठराखण नव्हे. शेफ्तांनी एवढंच केलं होतं. गालिबच्या शेरांना दाद देणारे आजही हजारो आहेत. शेफ्ता किती आहेत, ते आपापल्या गल्लीत मोजून बघावं.